सोलापूरचं ऊन, मागाची लव आणि रखडणारा जुना कॉम्प्युटर: फॉरमॅट मारण्याआधी हे करा

घरचा जुना कॉम्प्युटर रखडायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारून घ्या’. फॉरमॅटनंतर पंधरा दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच, कारण दुखणं बहुतेक वेळा विंडोजमध्ये नसतंच. आपल्याकडे ते दोन ठिकाणी असतं: तापलेल्या प्रोसेसरमध्ये किंवा थकलेल्या हार्ड डिस्कमध्ये. दोन्हींवर फॉरमॅटचा काही उपयोग नाही. उलट मुलांचे फोटो, टॅलीचा डेटा, जुने मराठी फॉन्ट एवढं सगळं जायची भीती. म्हणून आधी निदान करा, मग हात लावा.

अडतंय कुठे?

कॉम्प्युटर सुरू करून दहा मिनिटं तसाच राहू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा आणि नेहमीचं काम करत आकडे पाहा.

डिस्क सतत १०० टक्के आणि वाचण्या-लिहिण्याचा वेग मात्र सेकंदाला १-२ एमबी असेल, तर हार्ड डिस्क अडवतेय. मेमरी ८५ टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) कमी पडतेय. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, १०० टक्क्यांवर आहे, पण त्याचा ‘स्पीड’ शेजारी लिहिलेल्या ‘बेस स्पीड’पेक्षा खूप खाली आहे (उदाहरणार्थ ३.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर १.६ वर चालतोय), तर तो तापून स्वतःला आवरतोय. काम नसताना स्पीड खाली असणं नैसर्गिक आहे, म्हणून हा आकडा भार असतानाच पाहायचा.

याहून सोपी चाचणी घड्याळाची. एप्रिल-मे महिन्यात सकाळी सातला नीट चालणारं मशीन दुपारी तीनला रखडत असेल किंवा आपोआप बंद पडत असेल, तर उष्णता. सकाळ-दुपार सारखंच रखडत असेल, तर डिस्क किंवा रॅम.

उष्णता आणि लव

प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. स्वच्छ हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) असलेला साधा डेस्कटॉप भरपूर काम करताना खोलीपेक्षा ३५-४० अंश वर जातो. खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ६५ च्या आत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढे जातो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त, म्हणजे स्वच्छ मशीनसुद्धा ८० अंशांवर. त्यात हवेची वाट बुजलेली असेल तर तापमान ९० ते १०० च्या घरात पोचतं आणि तिथे प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग तोडतो. ‘कोअर टेम्प’ हा छोटा मोफत प्रोग्रॅम हे आकडे दाखवतो.

अशोक चौक, साखर पेठ आणि एकूणच शहराच्या पूर्व भागात खाली माग आणि वर घर अशी रचना पुष्कळ ठिकाणी आहे. तिथे कॅबिनेटमध्ये साधी धूळ साचत नाही, सुताची लव साचते. ती पंख्यातून खाली ओढली जाते आणि पंखा व हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचं घोंगडं तयार होतं. वरून पाहिलं तर पंखा फिरताना दिसतो, आवाजही येतो, पण खाली हवा पोचत नाही. म्हणून नुसता वरून ब्लोअर मारून काम होत नाही, पंखा काढावाच लागतो.

क्रम असा. वायर भिंतीतून काढा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेला वीजभार निघून जाईल. कॅबिनेट व्हरांड्यात किंवा गच्चीवर सावलीत न्या. डाव्या बाजूचा पत्रा काढा आणि आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. अंगातली स्थिर वीज रॅमची चिप मारू शकते. १ इंची मऊ ब्रश आणि ब्लोअर एवढं पुरे. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने तो भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्युम क्लीनर आतल्या मदरबोर्डावर फिरवू नका, त्याच्या प्लास्टिकच्या नळीवर स्थिर वीज तयार होते. ओलं फडकं तर मुळीच नको.

इंटेलचा मूळचा गोल पंखा चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. खुंटीच्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने पाव फेरी फिरवून ती वर ओढायची. एएमडीच्या जुन्या बोर्डावर घाई करू नका: तिथे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या पण आता वाळलेल्या पेस्टमुळे अख्खा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन पाच-दहा मिनिटं चालवून गरम करा, मग वायर काढून हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे वळवत सोडवा.

हीटसिंक निघाला की जुनी पेस्ट दिसेल, बहुधा खडूसारखी वाळलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत पुसा. फडकं लव न सोडणारं हवं. नवी पेस्ट प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या डाळीएवढी ठेवा, पसरवू नका, हीटसिंकच्या दाबाने ती आपोआप पसरते. जास्त लावली तर बाजूने बाहेर येते आणि उपयोग शून्य. खुंट्या परत लावताना कर्णरेषेत दाबा: एक कोपरा, मग त्याच्या समोरचा. प्रत्येकीचा ‘टक’ आवाज आला पाहिजे. चारातली एक जरी अर्धवट बसली तरी हीटसिंक तिरका राहतो आणि तापमान पहिल्यापेक्षा वाढतं. साफसफाईनंतर ‘आणखीनच स्लो झाला’ अशी तक्रार असेल, तर आधी हीच खुंटी पाहा.

कॅबिनेट भिंतीपासून किमान वीतभर दूर ठेवा. टेबलाच्या बंद कप्प्यात नको, जमिनीवरही नको, विटांवर किंवा छोट्या स्टुलावर चालेल. आणि डेझर्ट कूलरचा झोत थेट त्याच्यावर येऊ देऊ नका. त्या ओलसर हवेत धूळ पात्यांवर चिकटून बसते आणि ब्रशनेही निघत नाही. मागाच्या वस्तीत दर दोन-तीन महिन्यांनी, इतरत्र वर्षातून दोनदा साफ करा. त्यातली एक खेप मार्चमध्येच घ्या.

पत्रा उघडाच आहे तोवर बोर्डावरचे छोटे गोल कपॅसिटर पाहा. त्यांची डोकी सपाट असायला हवीत. फुगलेली किंवा तपकिरी झालेली असतील तर बोर्ड म्हातारा झाला, त्यावर मोठा खर्च करू नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) १२ व्होल्टच्या ओळीत ११.४ ते १२.६ यांच्या बाहेरचा आकडा दिसला तर एसएमपीएस (कॅबिनेटमधलं वीजपुरवठ्याचं खोकं) बदला. बायोसचा आकडा थोडा चुकू शकतो, म्हणून शक्य असेल तर मल्टिमीटरने खात्री करा. एसएमपीएसचं खोकं मात्र उघडू नका, वायर काढल्यावरही त्यात जिवाला धोका होईल एवढा भार राहतो. घड्याळ रोज मागे जात असेल आणि त्यामुळे बँकेच्या किंवा सरकारी साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणत असतील, तर बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल बदला.

हार्ड डिस्क

फिरणाऱ्या तबकडीची डिस्क मोठी सलग फाइल सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली इकडून तिकडून मागतं, तेव्हा तीच डिस्क १ एमबीवर येते. सुई प्रत्येक फाइलसाठी नव्या जागी सरकावी लागते. एसएसडी, म्हणजे चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात सरकणारं काही नसतंच. म्हणून जुन्या मशीनवर एकच खर्च करायचा असेल तर तो एसएसडीवर करावा असं आमचं ठाम मत आहे. त्याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही.

त्याआधी जुन्या डिस्कची प्रकृती बघा. ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम निळा, पिवळा किंवा लाल रंग दाखवतो. पिवळा दिसला आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ची किंमत शून्य नसेल, तर डिस्क मरायला टेकली आहे. अशा वेळी डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवणं) किंवा चेकडिस्क (डिस्कची तपासणी) चालवू नका, त्या श्रमाने ती त्याच रात्री बसू शकते. सगळं सोडून आधी महत्त्वाचा डेटा बाहेर काढा. ‘सीआरसी एरर’चा आकडा वाढत असेल तर मात्र दोष बहुधा साटा केबलचा, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या वायरचा असतो. केबल बदला आणि पुन्हा बघा.

घेताना २.५ इंची साटा एसएसडी घ्या. घरच्या कामाला २४० किंवा २५६ जीबी पुरते. डेस्कटॉपला सोबत एक साटा केबल लागते आणि एसएमपीएसमधून साटा पॉवरची वायर मोकळी आहे का, हे घरूनच बघून जा, म्हणजे नवी पेठेत दोन खेपा होणार नाहीत. जुना बोर्ड साटा-२ चा असेल तर वेग सेकंदाला २८० एमबीच्या आसपास अडतो, तरीही फरक डोळ्यांना दिसतो. रुंद चपट्या पट्टीची आयडीई केबल असलेलं मशीन असेल, तर त्यावर पैसे घालू नका.

५०० जीबीच्या डिस्कवरून २४० जीबीच्या एसएसडीवर जसंच्या तसं कॉपी करण्यात अडचणी येतात. क्लोनझिलासारखा प्रोग्रॅम नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी मागतो. त्यापेक्षा एसएसडीवर विंडोज नव्याने टाका आणि जुनी डिस्क निरोगी असेल तर फोटो-फाइलींसाठी दुसरी डिस्क म्हणून ठेवा. दोन गोष्टी विसरू नका. टाकण्याआधी बायोसमध्ये साटा मोड ‘एएचसीआय’ करा. विंडोज टाकल्यावर बदललात तर निळी स्क्रीन येते. आणि विंडोज टाकत असताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. नाहीतर सुरू होण्याची फाइल जुन्या डिस्कवर जाऊन बसते आणि पुढे ती डिस्क काढली की एसएसडीही चालू होत नाही.

डीफ्रॅग फक्त तबकडीच्या डिस्कला. एसएसडीला विंडोज स्वतः ट्रिम (मोकळ्या झालेल्या जागेची साफसफाई) करतं, तिथे हात घालू नका.

रॅम

४ जीबीवर विंडोज १० आणि ब्राउझरचे चार टॅब एवढ्यातच भरतं. ८ जीबी करा. डीडीआर२, ३ आणि ४ या रॅमच्या पिढ्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एकीची काडी दुसऱ्यात बसत नाही. जोराने दाबू नका. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली किती स्लॉट भरलेत ते दिसतं. जी४१ चिपसेटच्या बोर्डांची एक खोड आहे: त्यांना ४ जीबीची डीडीआर३ काडी १६ चिपांची, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ असलेलीच लागते. एका बाजूला आठच चिपा असलेली नवी काडी लावली तर स्क्रीन काळीच राहते, आणि दुकानदार म्हणतो बोर्ड गेला. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम त्याला वापरताच येत नाही. आधी ६४-बिट टाका. काडी काढून लावताना सोनेरी पट्टी साध्या खोडरबराने पुसा, त्याचा भुगा झटका, आणि दोन्ही बाजूंच्या कड्या आपोआप मिटेपर्यंत दाबा.

विंडोजमधली साफसफाई

इथे थोडक्यातच. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मध्ये अँटिव्हायरस आणि आवाजाचा ड्रायव्हर सोडून बाकी बहुतेक बंद करता येतं. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांची प्रत्येक फाइल तपासत बसतात. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरासाठी पुरे. ‘सी’ ड्राइव्ह १५-२० टक्के मोकळा ठेवा. शट डाउन करून सुरू केल्यावर विंडोज १० पूर्णपणे नव्याने उठत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करा. ‘वेग दहापट वाढवा’ म्हणणारे क्लीनर आणि बूस्टर टाकू नका. त्यांतले बरेचसे स्वतःच स्टार्टअपमध्ये बसतात आणि जाहिराती दाखवतात.

विंडोज १० नंतर काय

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे मोफत अपडेट देणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. आडमार्गाने ११ टाकून देणारे भेटतात, पण ४ जीबीच्या जुन्या मशीनवर ते चालत नाही, सरपटतं. ज्या घरात कामं ब्राउझरमधलीच आहेत, म्हणजे फॉर्म भरणं, अभ्यासाचे व्हिडिओ, मेल, तिथे लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती टाका. ४ जीबी रॅम आणि एसएसडीवर ती मोकळेपणाने चालते. पेन ड्राइव्हवरून न टाकताच चालवून बघता येते, त्यामुळे वायफाय, प्रिंटर आणि आवाज चालतो की नाही हे आधीच कळतं. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड तिच्या सेटिंगमध्येच आहे.

बदल करण्याआधी तीन गोष्टी पेन ड्राइव्हवर घ्या: टॅलीचं डेटा फोल्डर, ब्राउझरचे बुकमार्क आणि विंडोजमधलं ‘फॉन्ट्स’ फोल्डर. जुन्या लग्नपत्रिका, अर्ज, संस्थेची पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील, तर तो फॉन्ट गेल्यावर फाइल उघडते पण अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. आणि घरात टॅली, श्रीलिपी किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचा डोंगल रोज लागत असेल, तर त्या मशीनवर विंडोजच ठेवा. लिनक्स मुलांच्या दुसऱ्या मशीनवर टाका.