साठ स्लाईडची पीपीटी सोडा, एक मिनिटाचा व्हिडिओ पुरतो (शॉपवरच्या, म्हणजे कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्या लोकांसाठी)

नाईट शिफ्ट संपवून आलेल्या माणसाला ट्रेनिंग रूमच्या एसीत बसवून साठ स्लाईडची पीपीटी दाखवली की काय होतं ते मला विचारा, मी दाखवलीय. पुढच्या रांगेत माना डुलतात, मागे रील चालू असतात, आणि हजेरीच्या कागदावर सह्या मात्र सगळ्यांच्या. मग मायक्रोलर्निंग (छोट्या छोट्या तुकड्यांत शिकवणं) हा शब्द कानावर पडला म्हणून मी त्याच दोन तासांच्या रेकॉर्डिंगचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून व्हॉट्सॲपवर टाकले. पहिल्याला अंगठे आले, तिसऱ्यापासून कुणी उघडलंच नाही. बरोबरच आहे, कंटाळा कापून वाटला तरी कंटाळाच की.

त्यामुळे सुरुवात व्हिडिओपासून नका करू, रिजेक्शनच्या बिनपासून (बाद झालेले पार्ट टाकायच्या डब्यापासून) करा. महिनाभराचं रजिस्टर काढा, एकच चूक परत परत कुठे होतेय ते बघा आणि तेवढाच विषय घ्या. आमच्या सीएनसी टर्निंगच्या शॉपमध्ये (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर गोल पार्ट कापतात तिथे) ती चूक होती ऑफसेटची (माप चुकलं की टूल किती सरकवायचं तो मशीनला द्यायचा आकडा), म्हणजे डाया (व्यास) पाहिजे २५.०० मिलिमीटर, जॉब (कापलेला पार्ट) आला २४.९६, आणि नवीन पोरगा गडबडीत मायनस ०.०४ मारतो. पुढचा जॉब २४.९२, गेला भंगारात. प्लस मारायचा होता. बोअरला (आतल्या भोकाला) तर अजून घोळ, कारण टूल आतून चालतं म्हणून पोरांना वाटतं इथे सगळं उलटं असणार. नेहमीच्या सेटिंगला तसं काही नसतं, डाया वाढवायचाय तर प्लस, कमी करायचाय तर मायनस, बाहेरून असो नाहीतर आतून. झालं, एवढाच व्हिडिओ. त्यात मशीनची माहिती नको, कंपनीचा लोगो फिरवणं नको आणि साहेबांचं स्वागतपर भाषण तर अजिबात नको.

शूट करायला कॅमेरावाला बोलवायची गरज नाही. मोबाईल उभा धरा, चेहऱ्यापेक्षा हात आणि स्क्रीन दिसू द्या, आणि बोलायला शॉपमधलाच जुना सेटर (मशीन सेट करून देणारा) घ्या. आमचे मामा (सगळे त्यांना मामाच म्हणतात) आधी नाही नाही म्हणाले, मग एकदा बोलायला लागले ते थांबेनात, चाळीस सेकंदांसाठी सहा टेक घेतले. पण त्यांचा व्हिडिओ लोकांनी घरी दाखवला, माझी पीपीटी आजवर कुणी घरी दाखवली नाही. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा आवाज नंतर स्टोअरमध्ये बसून रेकॉर्ड करा आणि खाली मोठ्या अक्षरात ओळी टाका, कारण बसमध्ये अर्धी माणसं आवाज बंद करूनच बघतात. बिहार-यूपीची पोरं असतील तर तोच व्हिडिओ हिंदीतपण करा, दहा मिनिटांचं काम आहे.

आता पाठवायचं कसं. वेगळं ॲप घेऊ नका, निदान सुरुवातीला तरी नको, पासवर्ड विसरण्यातच महिना जातो. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे, फक्त साधा ग्रुप केला तर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि लेडीज स्टाफला त्याचा त्रास होऊ शकतो. कम्युनिटीचा अनाउन्समेंट ग्रुप वापरा, तिथे मेंबरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि गुड मॉर्निंगची फुलंपण येत नाहीत. चालू मशीनजवळ मोबाईल हातात नकोच, हे पहिल्या दिवशीच सांगून टाका. शिफ्ट सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं ह्यासाठी ठेवा आणि ती ड्युटीतच धरा. घरी जाऊन बघा म्हणालात की तो फुकटचा ओव्हरटाईम झाला, आणि माणसं ते बरोब्बर ओळखतात. मशीनवर क्यूआर कोडचा स्टिकर लावला आणि लाईनीच्या टोकाला एक टॅब ठेवला तर अडलं की बघता येतं. क्यूआर कोड तसा आपल्याच लाईनीतला, जपानच्या डेन्सो वेव्हनं १९९४ साली गाड्यांच्या पार्टचा माग ठेवायला काढलेला.

व्हिडिओ बघितला म्हणजे आलं असं नाही, आणि खरं काम इथून पुढेच आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच भराभर उडतं, आणि मधे मधे अंतर ठेवून उजळणी केली तर टिकतं. म्हणून दुसऱ्या दिवशी एक प्रश्न, आठवड्यानं परत तोच प्रश्न आकडे बदलून, महिन्यानं अजून एकदा. प्रश्न व्याख्येचा नको, कामाचा हवा, म्हणजे "बोअर पाहिजे ३०.००, आला २९.९७, काय मारशील?" असा. व्हॉट्सॲपच्या पोलवर विचारू नका, कोणत्या उत्तराला किती मतं पडली ते आधीच दिसतं, मग पहिल्यानं दाबलं तेच सगळे दाबतात. गुगल फॉर्म करा, नाहीतर सुपरवायझरनं मशीनपाशी तोंडी विचारावं, मला तर हेच जास्त आवडतं.

मार्कांची यादी नोटीस बोर्डवर लावू नका बरं का. एकदा लावली तर पंचवीस वर्षं नोकरी झालेला माणूस सगळ्यात खाली आला, त्याला स्पेलिंगचा प्रॉब्लेम होता, मशीनचा नाही. त्यानं पुढे महिनाभर एकही व्हिडिओ उघडला नाही.

आणि सगळंच मोबाईलवर शिकवता येत नाही. फायर एक्स्टिंग्विशर, क्रेन, मेंटेनन्सच्या आधी लॉक लावून टॅग अडकवणं, ही कामं हातानंच करून घ्यावी लागतात, व्हिडिओ फक्त नंतर आठवण करून द्यायला.

महिना झाला की परत त्याच बिनपाशी जा. भंगाराचं कारण अजून तेच दिसत असेल तर लगेच पोरांवर डाफरू नका. आमचा दुसरा विषय होता व्हर्नियर (माप घ्यायचं, दोन जॉ म्हणजे जबडे असलेलं साधन), जॉ बंद करून शून्य बघायचं आणि मगच माप घ्यायचं, साधा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. शूटिंगला मामांनी पहिला व्हर्नियर उचलला, शून्य जुळेना. दुसरा उचलला, तोही तसाच. मोबाईल खिशात टाकला आणि आधी सगळे व्हर्नियर कॅलिब्रेशनला (माप बरोबर दाखवतात का ते तपासून घ्यायला) पाठवले.