साइट स्लो झालीये? सर्व्हर वाढवायच्या आधी हे करून बघा

युजर वाढले की साइट कुंथायला लागते आणि ऑफिसात पहिलं वाक्य ऐकू येतं, "सर्व्हर डबल करून टाक." मीही केलंय. ऐन दिवाळीच्या तोंडावर, एका मिठाईवाल्याच्या ऑर्डर साइटवर, रात्री ११ वाजता रॅम आणि सीपीयू दुप्पट केले, बिल दुप्पट झालं, साइट मात्र तशीच. सीपीयू आधीपण १५ टक्क्यांवरच होता, तो बिचारा डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसला होता आणि मी एचटॉप (सर्व्हरवरचा ताण दाखवणारं टूल) उघडून बघायची तसदीपण घेतली नव्हती.

तर पहिलं काम, मोजा. आणि सरासरी बघू नका, ती फसवते. १०० रिक्वेस्टपैकी ९५ ना १०० मिलिसेकंद लागले आणि ५ ना ६ सेकंद, तर सरासरी येते ०.४ सेकंदाच्या आसपास, म्हणजे डॅशबोर्डवर सगळं आलबेल आणि त्या पाच जणांचे फोन चालू. म्हणून पी९५, पी९९ (९५ किंवा ९९ टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपतात ती वेळ) बघा, तेही प्रत्येक पेजचे वेगळे.

मग वेळ नक्की कुठे जातोय ते. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पहिला बाइट यायलाच उशीर होत असेल तर दोष सर्व्हरच्या बाजूला (नेट धड चालू आहे ना ते बघून घ्या), पहिला बाइट पटकन येतोय पण पेज रखडतंय तर बहुतेक वेळा भलेमोठे फोटो नाहीतर जावास्क्रिप्ट. सर्व्हर साइडला असेल तर माझा पहिला संशय नेहमी डेटाबेसवर, आणि तो सहसा खोटा ठरत नाही.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन, म्हणजे कोणती क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) किती वेळा आणि किती वेळ चालली याची नोंद, चालू करा (त्यासाठी एकदा रिस्टार्ट लागतो, तो रात्री उरका) आणि क्वेरींची यादी एकूण वेळेनुसार लावा. सगळ्यात स्लो क्वेरी वर आणायचा मोह होतो, पण दिवसातून एकदा चालणारी ६ सेकंदांची क्वेरी कोणाला त्रास देत नाही, आणि ४ मिलिसेकंदांची क्वेरी २ लाख वेळा चालली तर तिने १३ मिनिटं खाल्ली.

अशी लहान क्वेरी लाखो वेळा दिसली की समजायचं, एन प्लस वन. १०० ऑर्डरची लिस्ट काढली आणि लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचं नाव वेगळं आणलं, झाल्या १०१ क्वेरी. वाण्याला यादी द्यायची सोडून मिठासाठी एक चक्कर, साखरेसाठी दुसरी, असला प्रकार. लॅपटॉपवर हे कळतच नाही कारण तिथे टेस्टच्या २० ऑर्डर असतात आणि डेटाबेस त्याच मशीनवर. जँगो या पायथॉन फ्रेमवर्कमध्ये सिलेक्ट_रिलेटेड किंवा प्रीफेच_रिलेटेड लावा म्हणजे सगळी नावं एक-दोन क्वेरींतच येतात, बाकी फ्रेमवर्कमध्येही सोय असते.

क्वेरी एकच पण जड असेल तर एक्सप्लेन ॲनलाइझ, डेटाबेसने ती कशी चालवली ते दाखवतं. हे क्वेरी खरोखर चालवतं हां, अपडेट किंवा डिलीटवर लावायचं तर बिगिन आणि रोलबॅकच्या मध्येच, म्हणजे बदल मागे घेतला जातो. मोठ्या टेबलावर सीक स्कॅन (सगळं टेबल ओळीओळीने चाळणं) दिसला आणि लाखो ओळी चाळून दहा-वीसच हाती लागत असतील तर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी, ओळ पटकन शोधायची सोय) नाहीये, किंवा आहे पण वापरला जात नाहीये. आमच्याकडे पहिलाच प्रकार होता. पोस्टग्रेस फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमवर) आपोआप इंडेक्स करत नाही, मायएसक्यूएलचं इनोडीबी हे स्टोरेज इंजिन करतं, आणि मी मायएसक्यूएलवरून आलेला, मला वाटलं असेलच. दुसरा प्रकार म्हणजे तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावून केलेली तुलना, तिथे साधा इंडेक्स चालत नाही, "या वेळेपासून त्या वेळेपर्यंत" अशी रेंज लिहा. चालू साइटवर इंडेक्स टाकताना कन्करंटली विसरू नका, नाहीतर तो तयार होईपर्यंत त्या टेबलावर नवीन ऑर्डर लिहिलीच जात नाही.

डेटाबेसच्या कनेक्शनचा हिशोब कागदावर करा. ४ सर्व्हर, प्रत्येकी ८ वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस), प्रत्येक वर्करचा पूल (उघडी ठेवलेली कनेक्शन्स) ५ चा, म्हणजे १६०, आणि पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा १००. आकडा वाढवत बसू नका, प्रत्येक कनेक्शन म्हणजे तिथे एक वेगळी प्रोसेस असते, त्यापेक्षा पीजीबाउन्सर (थोडीच कनेक्शन्स सगळ्यांत वाटून वापरणारं टूल) मध्ये घाला.

कॅश (एकदा काढलेलं उत्तर साठवून परत वापरणं) मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. इंडेक्स नसलेल्या क्वेरीवर रेडिस (कॅशसाठी वापरतात तो मेमरीतला डेटाबेस) लावणं म्हणजे गळक्या छताखाली बादली. आणि कॅश लावला की जुना डेटा आलाच, आमच्याकडे काजूकतलीचा भाव वाढला आणि साइट तासभर जुन्याच भावाने विकत होती. भाव, स्टॉक असल्या गोष्टी बदलल्या की कॅश तिथल्या तिथे पुसा, मुदत संपायची वाट बघू नका.

एका वेळी एकच बदल, मग के६ या लोड टेस्टिंगच्या टूलने लोड टाकून परत मोजा, आणि टेस्टच्या डेटाबेसात खऱ्याइतक्याच ओळी भरा. नंतर ती क्वेरींची यादी रिसेट करून दोन दिवसांनी उघडा, पहिल्या नंबरावर दुसरंच कोणीतरी बसलेलं असतं. आमच्याकडे ॲडमिनचा विक्री रिपोर्ट होता, दर मिनिटाला आपोआप रिफ्रेश होणारा, दुकानातल्या काउंटरवर दिवसभर उघडा ठेवलेला.