पलीकडे कोण उभं आहे?

कब पॅकमधली, म्हणजे स्काउटिंगच्या लहान मुलांच्या गटातली, दहा वर्षं पूर्ण झालेली मुलं स्काउट पथकात पाठवायची, त्या गोइंग-अप समारंभाची ही तयारी. मूल मध्ये ठेवलेली दोरी ओलांडून पॅकमधून पथकात जातं. बुलबुलांना, म्हणजे लहान मुलींना, गाईड्समध्ये पाठवतानाही बहुतेक हेच लागू पडतं. रांगोळी, हारतुरे, पाहुण्यांच्या खुर्च्या यांचं काही सांगत नाही, ते कोल्हापुरात कुणी विसरत नाही. मागच्या वेळी आमच्याकडून राहिलं ते एकच: दोरी ओलांडून आलेल्या मुलाला घ्यायला पलीकडे कोण उभं आहे, हे ठरलेलं नव्हतं. स्काउट मास्टर असतात, पण ते मोजायचे नाहीत. पथकातल्या ज्या संघात, म्हणजे छोट्या तुकडीत, ते मूल जाणार त्याचा संघनायक पाहिजे, नावानिशी ठरलेला आणि त्या दिवशी हजर.

म्हणून सुरुवात तिथूनच करा, पत्रिकेपासून नको. महिनाभर आधी स्काउट मास्टरांबरोबर बसून एक कागद करायचा. डावीकडे मुलाचं नाव, मध्ये संघ, उजवीकडे संघनायक, आणि चौथ्या रकान्यात तो आला नाही तर कोण. हा चौथा रकाना रिकामा ठेवू नका. संघनायक आठवी-नववीचे असतात. त्यांची चाचणी, जादा तास, घरचं लग्न, काहीही निघतं. एका संघात सहा ते आठ मुलं. बारा मुलं चार संघांत घालायची तर प्रत्येकी तीन येतात, तेवढी जागा आहे का ते आधी मोजा. संघ भरलेले असतील तर नवा संघ काढा, पण त्याचा नायक जुना स्काउटच हवा. जिवलग जोडीतली दोन मुलं वेगवेगळ्या संघांत गेली तर ऐन वेळी एकाचा बांध फुटतो, तेही आधी विचारून घ्या.

आपल्याकडे अडचण अशी की बऱ्याच प्राथमिक शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपतात आणि स्काउट पथक असतं दुसऱ्याच हायस्कूलमध्ये. म्हणजे पलीकडची मुलं आपल्या शाळेतली नसतात. त्यांच्या मुख्याध्यापकांना पत्र द्या, आणि पत्रात ‘पथक पाठवावे’ असं मोघम लिहू नका. संघनायकांची नावं, वर्ग, किती वाजता सोडायचं, कुठले शिक्षक सोबत येणार, सगळं लिहा. वर्गशिक्षकांना वेगळं सांगा, कारण पत्र ऑफिसात पडून राहतं आणि मूल वर्गात बसून राहतं. आदल्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक संघनायकाच्या घरी फोन करा. स्काउट मास्टरांना केलेला एक फोन पुरत नाही.

तारीख. जुलै-ऑगस्टात मैदान म्हणजे चिखल, तो विषयच नको. ७ नोव्हेंबर हा भारत स्काउट्स आणि गाईड्सचा १९५० सालचा स्थापना दिन, पण दिवाळी उशिरा आली की तो सुट्टीत सापडतो. २२ फेब्रुवारीला बेडन पॉवेल यांचा जन्मदिवस, चिंतन दिन, म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. पण फेब्रुवारी म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षेचे दिवस, आणि आपल्या जिल्ह्यात शिष्यवृत्तीचं वेड काय आहे ते सांगायला नको. परीक्षेला बसलेलं पोर असो की संघनायक, दोघंही एकाच वेळी गळतात. नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला शनिवार बरा. सकाळची शाळा असते, मैदान वाळलेलं असतं, साडेसातला ऊन लागत नाही. फक्त स्नेहसंमेलनाचा मांडव मैदानात पडायच्या आत उरका.

वय जनरल रजिस्टरवरूनच बघा. पालक सांगतात ते वय आणि रजिस्टरमधलं वय पुष्कळदा जुळत नाही. जाणारा मुलगा स्वतःच षटकनायक, म्हणजे सहा कबांच्या तुकडीचा नायक, असेल, आणि थोरला म्हणून तो असतोच, तर त्याच्या षटकाला नवा नायक त्याच आठवड्यात नेमा. नाहीतर सोमवारी मागे राहिलेली पाच जणं एकमेकांकडे बघत बसतात.

स्कार्फ ग्रुपचा असतो. ग्रुप तोच राहिला तर स्कार्फही तोच. हायस्कूलचा ग्रुप वेगळा असेल तर नवे शिवून घ्या, पंधरा दिवस आधी. ८० सेंटिमीटरचा चौकोन कर्णावर कापला की दोन स्कार्फ निघतात. म्हणजे बारा स्कार्फना सहा चौकोन, ९० सेंटिमीटर पन्ह्याचं पाच मीटर कापड. दुमड घातल्यावर बाजू ७७-७८ भरते, ती ७० ते ८० मध्ये बसते. उरलेल्या तुकड्यांतून मोठ्या मुलांचे काढू म्हणणाऱ्या शिंप्याचं ऐकू नका. वॉगल, म्हणजे स्कार्फ गळ्याशी अडकवायची कडी, दोन जास्त घ्या, ते हरवतातच. बूट काळे. कोल्हापुरी चपला घालून येणारा एक तरी असतो, त्याला आदल्या दिवशीच गाठा. आणि मुलांना फेटे बांधू नका. एका फेट्याला तीन-चार मिनिटं जातात आणि वर बेरे टोपी बसत नाही. हौस असेल तर पाहुण्यांना बांधा.

मांडणी अशी. अलीकडे कब गोलात, पलीकडे स्काउट नालेच्या आकारात, उघडी बाजू आपल्याकडे. मध्ये आठ-दहा पावलं, आणि त्यात सहा मीटरची दोरी जमिनीवर आडवी ठेवलेली. गुडघ्याएवढ्या उंचीवर दोघांनी धरली तर पोरं उड्या मारतात आणि एखादं तोंडावर आपटतं. फक्कीची रेघही चालते, पण ती पंधरा मिनिटांत पुसते. दोरीच्या पलीकडे तीन पावलांवर प्रत्येक संघनायकाची जागा फक्कीनं गोल करून ठेवा. गोल रिकामा दिसला की लगेच कळतं कोण आलेलं नाही, आणि चौथ्या रकान्यातला माणूस उभा करायला वेळ मिळतो.

क्रम: ध्वज, प्रार्थना, पूर्ण पॅकचा ग्रँड हाउल, म्हणजे कबांची एकत्र आरोळी, त्यात जाणारी मुलंही असतात. मग एकेकानं आपल्या षटकाचा, स्काउटांच्या रिवाजाप्रमाणे डावा हात मिळवून, निरोप घ्यायचा. कब मास्टर त्याला दोरीपर्यंत आणतात, नाव सांगतात, तो ओलांडतो, स्काउट मास्टर डावा हात मिळवतात. आणि लगेच, मध्ये एक श्वासही न जाऊ देता, संघनायकानं पुढं येऊन त्याला नावानं हाक मारायची आणि संघात नेऊन उभं करायचं. संघाची आरोळी. मुलामागे दोन मिनिटं, बारा मुलांना चोवीस. संघनायकाला मुलाचं नाव पाठ हवं. ‘ए, इकडं ये’ चालणार नाही. घाईत उजवा हातच पुढं येतो, म्हणून डाव्याची सवय आधीच करून घ्या.

वचन त्या दिवशी देऊ नका. ‘प्रवेश’ या स्काउटच्या पहिल्या पायरीचा अभ्यास व्हायचा असतो, वचन देण्याची दीक्षा त्यानंतर. पाहुण्यांसमोर दोन्ही उरकायचा मोह होतो, तो टाळा.

रंगीत तालीम दोनदा. पहिली नुसत्या पॅकची चालेल. दुसरीला संघनायक हवेतच. त्यांच्या जागी शिपाई किंवा दुसरा शिक्षक उभा करून केलेली तालीम धरू नका. त्यात सगळं छान होतं आणि खऱ्या दिवशी ते गोल रिकामे राहतात.

ध्वजाची गाठ आदल्या दिवशी तीनदा ओढून बघा, ध्वजात फुलांच्या पाकळ्या कोरड्याच भरा. ध्वजगीत ४५ सेकंदांत आणि प्रार्थना ९० सेकंदांत बसते. लांबत असेल तर पेटीवाल्याला सांगा. भाषण एकच, पाच मिनिटं, तेही मुलं ओलांडून गेल्यावर. माईकची बॅटरी जास्तीची.

खाणं: साठ मुलांना तीन किलो भडंग, केळी पाच डझन. मिसळ नको, गणवेशावर कट सांडतो. पाण्याचे वीस लिटरचे तीन जार. कचऱ्याला पोती.

मुलांची कबमधली प्रगतीपत्रकं त्याच दिवशी स्काउट मास्टरांच्या हातात द्या, रजिस्टरला नोंद करा. सूर्यास्ताआधी ध्वज उतरवा. आणि पुढच्या शनिवारी पथकाची सभा किती वाजता, हे संघनायकानं मुलाला निघायच्या आधी सांगितलं का, ते विचारा.