पहिली ऑल-ग्रेन (थेट माल्टच्या दाण्यांपासून केलेली) बिअर: भांडी मांडतानाच या चुका टाळा

माझा भाचा इंग्लंडात असतो. डिसेंबरात सुट्टीवर नाशिकला आला आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "मामा, तुमचं वर्कशॉप अंबडला आहे ना? मला बिअरचं पातेलं बनवून दाखवा, तिकडे गेल्यावर तसंच करून घेतो." पुढचे पंधरा दिवस आमच्या गच्चीवर जो पसारा मांडला होता, तो बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, "घरात लग्न निघालंय का?"

आधी कायद्याचं सांगतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे विनापरवाना मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. "घरच्यापुरतीच थोडी" अशी पळवाट त्यात नाही. इंग्लंडात मात्र १९६३पासून स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही. म्हणून आमची वाटणी ठरली. नाशिकला फक्त भांडी, पाणी आणि वॉर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोड काढा. तोही उकळून, गार करून, त्याच दिवशी सरबतासारखा पिऊन संपवायचा. साखरेची दारू करणाऱ्या यीस्टची पुडी फुटणार ती त्याच्या तिकडच्या गॅरेजात. नाशिकमध्ये बसून हे वाचत असाल, तर तुम्हीही यीस्टच्या अलीकडेच थांबा.

आमच्या निम्म्याहून जास्त चुका नुसत्या पाण्याने उघड्या पडल्या. म्हणून पहिला दिवस माल्टची पिशवी न फोडता काढा. पाणी तापवा, तोटीतून काढा, तासभर उकळा, गार करा, सगळं मापून वहीत लिहा. नाटकाची रंगीत तालीम करतात, तसंच हे.

पातेलं छोटं पडतं

"वीस लिटर बिअर, म्हणजे तीस लिटरचं पातेलं भरपूर झालं," असं म्हणून आम्ही भांडी बाजारातून पातेलं उचललं आणि मग हिशेब मांडला. उलटं करायला हवं होतं. वीस लिटरला साधारण पाच किलो माल्ट लागतो. तो किलोमागे जवळपास लिटरभर पाणी पिऊन बसतो, ते परत मिळत नाही. तासभर उकळताना तीन-साडेतीन लिटर वाफ होऊन जातं. तळाचा गाळ लिटरभर. म्हणजे सुरुवातीलाच साडेएकोणतीस लिटर पाणी हवं, आणि भिजलेल्या दाण्यांची जागा आणखी तीन-साडेतीन लिटर. सगळं पाणी एकदम घालून पिशवीत माल्ट भिजवायची सोपी पद्धत वापरायची, तर चाळीस लिटरच्या खाली बोलायचंच नाही.

तीसचं घेऊन झालं असेल तर दोन वाटा आहेत. किलोला तीन लिटर पाण्यात माल्ट भिजवायचा आणि उरलेल्या गरम पाण्याने चोथा धुऊन घ्यायचा. नाहीतर सरळ दहा लिटरचा घाणा करायचा. पहिल्या वेळी मी दुसरीच वाट सुचवीन. पाच किलो माल्ट भिजला की दहा किलोंचा होतो आणि ती गळकी, गरम पिशवी उचलून धरायला माणूस लागतो. आम्ही ती झोपाळ्याच्या कडीला टांगली. आजीने झोपाळा काढू दिला, पण दिवसभर बोलणी ऐकवली.

दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, ३०४ आहे" असं दाखवतात. भुलू नका. २०२ नंबरचं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. बिल घेताना त्यावर ग्रेड लिहून मागा. ॲल्युमिनियमचं पातेलंही चालतं, मात्र त्यावर धरलेला मळकट थर घासून चकचकीत करायचा नाही. तोच थर धातूला सांभाळतो.

तोटी आणि तिच्याखालचं पाणी

भोक पाडून बॉल व्हॉल्व्ह बसवणं हे माझं रोजचं काम, म्हणून मी ऐटीत होतो. तळापासून दोन बोटं वर तोटी बसवली. पाण्याच्या तालमीत कळलं की तोटीची धार थांबल्यावरही आत अडीच लिटर पाणी शिल्लक राहतं. माल्टचा काढा असता तर तेवढा गेला असता. आतल्या बाजूने तळाकडे वळलेली छोटी नळी लावली, तेव्हा अर्ध्या लिटरवर आलं. तुमच्याकडे किती राहतं ते मापा आणि पाण्याच्या हिशेबात धरा.

लिटरच्या खुणांसाठी लाकडी उलथनं घ्या. एकेक लिटर ओतत जा आणि चाकूने खाच पाडा.

थर्मामीटर खोटं बोलतो, कधी आपणच बोलायला लावतो

ही आमची सगळ्यात हुशार चूक. उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवला, काटा ९८वर. भाच्याने मागचा स्क्रू फिरवून काटा १००वर आणला आणि खूश झाला. पण नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८च्या आसपासच उकळतं. थर्मामीटर बरोबर होता, आम्ही तो बिघडवला. मग मॅशला, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजत असताना, ६७ दिसत होतं तेव्हा खरं ६५ होतं.

दोन अंशांनी काय होतं? बरंच. ६२ ते ६५च्या आसपास जे एन्झाइम जोरात असतं ते यीस्टला सहज पचणारी साखर करतं, बिअर पातळ आणि कोरडी होते. ७०च्या दिशेने दुसऱ्याचं राज्य, बिअरला अंग येतं. पहिल्या घाण्याला ६६-६७ धरा आणि तास द्या. थर्मामीटर बर्फाच्या लगद्यातही तपासा, तिथे सगळ्या गावांत शून्यच असतं.

दाणे थंड असतात हेही विसरतो. किलोला तीन लिटरच्या हिशेबाने, डिसेंबरच्या पहाटे गच्चीवरचा माल्ट १२ अंशांवर असेल तर ६६ मिळवायला पाणी ७३-७४ हवं. मे महिन्यात ३५ अंशांच्या माल्टला ७०च पुरे.

ऊब टिकवायला भाच्याने लग्नात येतो तसला थंड पाण्याचा जार आणला होता. गरम पाणी पडताच आतला प्लास्टिकचा पत्रा फुगला. मग गॅस बंद करून पातेल्याला आजीची गोधडी गुंडाळली. तासाभरात दीड अंशच उतरलं.

दळण

किराणा दुकानातली जव घेऊन हे होत नाही. नाचणी सत्त्वाला आपण मोड आणून वाळवतो, तसंच जवाला मोड आणून, वाळवून, भट्टीत भाजलं की माल्ट. मोडाशिवाय पिष्टाची साखर करणारं एन्झाइम पुरेसं नसतं.

आणि गिरणीत द्यायचा नाही. आम्ही दिला. गिरणीवाल्याने प्रेमाने बारीक दळून दिला आणि तोटीतून काढा यायचाच बंद झाला. आत खळ तयार झाली होती. दाणा फुटायला हवा, पण टरफल शाबूत राहायला हवं. तेच पुढे गाळणी होतं. रोलरवर दळून मिळाला तर उत्तम. मिक्सरही नकोच.

तोटी अडलीच तर जोर लावू नका. बंद करा, अलगद ढवळा, दहा मिनिटं बसू द्या, मग अगदी बारीक धार सोडा. इगतपुरीकडच्या भातगिरणीतला तूस स्वच्छ धुऊन मूठ-दोन मुठी मिसळला तर चोथा मोकळा होतो. आमचा दुसरा घाणा त्यानेच वाचला.

पिशवी वापरत असाल तर ती तळाला टेकू देऊ नका, खालून गॅस लागला की जळते. मोदकपात्रातली जाळी तळाला ठेवा. पंचा वापरू नका, त्याची वीण फार घट्ट.

गॅस, पाणी, गार करणं

स्वयंपाकघरातल्या शेगडीवर पंचवीस लिटर ६६वरून उकळीपर्यंत न्यायला आम्हाला जवळजवळ तास लागला. आचाऱ्यांची भट्टी घ्या, पण उघड्यावर पेटवा. पहिल्या उकळीला फेस दुधासारखा उतू येतो, तेव्हा फोनवर बोलत बसू नका. उकळताना झाकण पूर्ण ठेवायचं नाही. वाफेबरोबर शिजलेल्या कोबीसारखा एक वास जायचा असतो.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल, तर रात्रभर उघडं ठेवा किंवा आधी उकळून घ्या. निव्वळ आरओचं पाणीही नको. माल्टला थोडं कॅल्शियम लागतं.

गार करायला दहा-बारा मीटर तांब्याच्या नळीचं वेटोळं केलं. ते गरम काढ्यात बुडवायचं आणि नळीतून गार पाणी सोडायचं. नुसत्या हाताने वाकवलं तर नळी चेपते. आत बारीक वाळू ठासून, दोन्ही टोकं बंद करून, डब्याभोवती गुंडाळा, मग वाळू नीट धुऊन काढा. नळीचे सांधे पातेल्याबाहेर ठेवा. आमचा एक सांधा आत होता आणि टाकीचं कच्चं पाणी थेंबथेंब उकळलेल्या काढ्यात पडत होतं. डिसेंबरात टाकीच्या पाण्याने काम भागलं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच इतकं कोमट असतं की काढा वीस अंशांवर आणणं विसरा. तेव्हा या वेटोळ्याच्या आधी नळीचं आणखी एक वेटोळं जोडून ते बर्फाच्या बादलीत बुडवावं लागतं. बाहेर पडणारं गरम पाणी बादल्यांत धरा, भांडी त्यातच निघतात.

जानेवारीत भाच्याचा तिकडून व्हिडिओ कॉल आला. नव्या पातेल्याची तोटी गळत होती. "मामा, टेफलॉन टेपचे दहा वेढे दिलेत, तरी टपकतंय." बघितलं तर टेप आट्यांच्या उलट दिशेने गुंडाळली होती आणि सिलिकॉनचं वॉशर घरातच राहिलं होतं, सिंकशेजारी, बशीत.