अमेरिकेत पगारी ड्रायव्हर ठेवलाय? त्याच्या टिपचा पेरोल टॅक्स असा भरा

दोन-चार गाड्या घेऊन एअरपोर्ट पिकअप-ड्रॉपचा धंदा टाकला की पगाराचा हिशोब कुणीही जमवतं, घोळ होतो तो टिपचा. मालकाला वाटतं गिऱ्हाइकाने दिले, ड्रायव्हरने घेतले, मी मधे कशाला पडू. पण आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) लेखी टिपवरही पगारासारखाच पेरोल टॅक्स, म्हणजे सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शनसाठी) आणि मेडिकेअर (म्हातारपणीच्या आरोग्य विम्यासाठी), लागतो, आणि त्यातला अर्धा वाटा मालकाच्या खिशातून जातो.

आधी हे ठरवा की माणूस डब्ल्यू-2 वर (पगारी नोकर) आहे की 1099 वर (स्वतंत्र काँट्रॅक्टर). गाडी तुमची, ट्रिप तुम्ही लावता, वेळ तुम्ही सांगता, तर तो एम्प्लॉयीच, दोघांनी काँट्रॅक्टरच्या कागदावर सह्या केल्या तरी. डब्ल्यू-4 (पगारातून किती इन्कम टॅक्स कापायचा त्याचा फॉर्म) आणि आय-9 (अमेरिकेत कामाची परवानगी आहे का ते तपासायचा फॉर्म) पहिल्याच दिवशी भरून घ्या.

मग स्वतःचं बिल नीट बघा, खरी मेख इथेच आहे. बरेच लिमोवाले बिलातच 20 टक्के ग्रॅच्युइटी लावून मोकळे होतात. गिऱ्हाइकाला ती कमी करायची किंवा न द्यायची मुभा नसेल तर ती टिप नाहीच, सर्व्हिस चार्ज आहे, म्हणजे आधी कंपनीचं उत्पन्न आणि ड्रायव्हरला दिली की साधा पगार. आता यात ड्रायव्हरचंही नुकसान आहे, कारण 2025 ते 2028 या वर्षांसाठी टिपवर वर्षाला 25,000 डॉलरपर्यंत फेडरल इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळते, पण फक्त राजीखुशीने दिलेल्या टिपवर. त्यामुळे माझं मत विचाराल तर बिलावर टिपची ओळ कोरी सोडा, गिऱ्हाईक भरेल. आणि 'टिपवर टॅक्स नाही' असा जो गाजावाजा झाला तो इन्कम टॅक्सपुरताच, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापावंच लागतं.

पुढे टिपचा आकडा हातात यायला हवा. कार्डवरची टिप तुमच्या सिस्टिममध्ये दिसतेच, कॅशची दिसत नाही. महिन्याला 20 डॉलर किंवा जास्त टिप झाली तर ड्रायव्हरने पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत तुम्हाला लेखी कळवायचं असतं: नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर, कंपनीचं नाव, कालावधी, एकूण रक्कम आणि सही. 20 च्या खाली असेल तर तुम्हाला सांगायची गरज नाही, पण त्याच्या स्वतःच्या रिटर्नमध्ये ती दाखवावी लागतेच.

आता आकडेमोड. समजा आठवड्याचा पगार 720 डॉलर आणि कॅश टिप 180. टॅक्स 900 वर लागणार: सोशल सिक्युरिटी 6.2 टक्के, मेडिकेअर 1.45, मिळून 7.65 टक्के म्हणजे 68.85 डॉलर त्याच्याकडून कापायचे आणि तेवढेच तुम्ही घालायचे. टिप त्याच्या खिशात आधीच गेलेली असते, म्हणून सगळी कपात, फेडरल विदहोल्डिंगसकट (इन्कम टॅक्सची आगाऊ कपात), त्या 720 मधूनच होते, चेक बारीक दिसतो आणि ड्रायव्हर कुरकुरतो. पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) टिप वेगळी छापा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. चेक पुरलाच नाही तर उरलेली रक्कम तो तुम्हाला आणून देऊ शकतो, नाही दिली तर त्याच्या हिश्श्यातला न कापलेला टॅक्स डब्ल्यू-2 च्या (वर्षाच्या पगाराच्या दाखल्याच्या) बॉक्स 12 मध्ये ए आणि बी कोडखाली दाखवतात. तुमचा अर्धा वाटा मात्र चुकत नाही.

भरणा ईएफटीपीएसवरून (सरकारच्या ऑनलाइन टॅक्स भरण्याच्या सिस्टिमवरून) करता येतो, धंदा छोटा असेल तर बहुधा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. फॉर्म 941 (पेरोल टॅक्सचं रिटर्न) दर तिमाहीला, फॉर्म 940 (बेरोजगारी टॅक्सचं) वर्षातून एकदा, राज्याचं खातं वेगळं.

आणि रेस्टॉरंटवाल्या मित्राचं ऐकून टिपवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मागायला जाऊ नका, ते खाण्यापिण्याच्या आणि 2025 पासून सलून-पार्लरच्या धंद्याला मिळतं, गाडीवाल्यांना नाही.