उपग्रहाचा एओडी कितपत खरा? पुण्यापुरतं तपासून बघा

मोडिस या नासाच्या उपग्रहांवरच्या उपकरणाचा एओडीचा (हवेतले कण उभ्या थरात किती प्रकाश अडवतात त्याचं माप) नकाशा उघडायचा, शहरावर गडद रंग दिसला की 'हवेतले कण वाढले' असं लिहून मोकळं व्हायचं, ही सवय मला अजिबात आवडत नाही. उपग्रहाला जमिनीवरून परतलेला आणि धुरकटातून विखुरलेला प्रकाश एकत्रच मिळतो. जमीन किती उजळ आहे हे त्याला गृहीत धरावं लागतं. एरोनेट या जमिनीवरच्या केंद्रांच्या जाळ्यातला सनफोटोमीटर (सूर्यप्रकाश मोजणारं उपकरण) थेट सूर्याकडे बघतो, म्हणून त्याची चूक ०.०१ ते ०.०२ च्या आसपासच राहते. पडताळा त्याच्याशी घ्या. पीएम २.५ च्या फलकाशी नको, तो फक्त नाकासमोरच्या हवेचा आकडा असतो आणि एओडी अख्ख्या वातावरणाच्या थराचा.

पाषाणच्या आयआयटीएम (उष्णकटिबंधीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था) मधल्या एरोनेट केंद्राचा लेव्हल २.०, म्हणजे अंतिम तपासलेला, डेटा उतरवा. तो उशिरा येतो, कारण उपकरणाचं कॅलिब्रेशन पुन्हा झाल्याशिवाय तो पक्का होत नाही. घाई असेल तर लेव्हल १.५ (ढग गाळलेला, पण अंतिम न झालेला) चालवा, पण तसं लिहा.

एरोनेटची वेळ यूटीसी असते, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली. मोडिस वाहणारे उपग्रह, टेरा सकाळी साडेदहाला आणि अ‍ॅक्वा दुपारी दीडला येतो हे पाठ असलं तरी ते धरून चालू नका. दोघांच्याही कक्षा सरकल्या आहेत. फाइलमधलीच वेळ घ्या, तिच्या आगेमागे अर्ध्या तासातल्या नोंदींची सरासरी काढा. उपग्रहाच्या बाजूने १० किमीचे ५ गुणिले ५ चौकोन घ्या, गुणवत्ता ३ (सर्वात खात्रीची) असलेलेच. पुण्यात या पन्नास किमीत खडकवासल्याचं पाणी, सिंहगडचे डोंगर, हडपसरची वस्ती, सगळं येतं. म्हणून मी ३ गुणिले ३ घेऊनही एकदा बघते.

आता तरंगलांबी. मोडिस ५५० नॅनोमीटरचा आकडा देतो, सनफोटोमीटरला ती पट्टी नाही. समजा ४४० ला एओडी ०.६० आणि अँगस्ट्रॉम घातांक (तरंगलांबीप्रमाणे एओडी किती बदलतो ते सांगणारा) १.२ आहे. ०.६० ला (५५०/४४०) च्या उणे १.२ घाताने गुणा: ०.४६. डार्क टार्गेट या मोडिसच्या अल्गोरिदमची (तो गडद जमिनीवर चांगला चालतो) जमिनीवरची अपेक्षित चूक ±(०.०५ + ०.१५ × एओडी), म्हणजे इथे ०.१२. उपग्रह ०.३४ ते ०.५८ मध्ये असेल तर पास. अशा जोड्यांपैकी साधारण दोन तृतीयांश आत बसायला हव्यात.

सहसंबंध ०.९ आला म्हणून पेढे वाटू नका. उपग्रह दरवेळी दीडपट सांगत असला तरी तो आकडा तितकाच देखणा येतो. उपग्रह वजा जमीन असा फरक काढा आणि तो एओडीसमोर मांडा. हवा स्वच्छ असतानाच फरक दिसत असेल तर जमिनीच्या उजळपणाचा अंदाज चुकलाय. एओडी वाढेल तसा फरक वाढत गेला, तर गृहीत धरलेले कण चुकीचे. काजळी प्रकाश शोषते, धूळ वेगळी वागते.

मग ऋतूंप्रमाणे वेगळं करा. एप्रिल-मेमध्ये दख्खनचं माळरान कोरडं, उजळ. तिथे डार्क टार्गेट अडखळतो, डीप ब्लू हा दुसरा अल्गोरिदम अशाच जमिनीसाठी आहे. पावसाळ्यात जोड्याच मोजक्या मिळतात, आणि ढगांच्या कडेचे फुगलेले आकडे त्यात घुसतात, तेव्हा प्रत्येक ऋतूच्या जोड्या किती ते आलेखावरच छापा. दोन्ही अल्गोरिदम ताडायचे असतील तर दोघांनीही आकडा दिलेलेच दिवस घ्या. नाहीतर अवघड दिवस गाळणारा उगाच हुशार दिसतो.