अवतरण ज्या पुस्तकातून घेतलं, त्याच पुस्तकाचं नाव द्या

शोधनिबंधाला कोणती संदर्भपद्धती चालते, ते मार्गदर्शकांना आधीच विचारून ठेवा. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत) असेल तर ४० किंवा त्याहून जास्त शब्दांचं अवतरण वेगळ्या परिच्छेदात जातं. हा परिच्छेद डावीकडून अर्धा इंच आत घ्यायचा (वर्डमध्ये कंट्रोल-एम), अवतरणचिन्हं द्यायची नाहीत आणि कंसातला संदर्भ शेवटच्या पूर्णविरामानंतर लिहायचा. ओळीतल्या छोट्या अवतरणात आधी चिन्ह बंद, मग कंस, मग पूर्णविराम. एमएलएमध्ये (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पद्धतीत) गद्याच्या चार किंवा कवितेच्या तीन ओळींच्या पुढे गेलात की वेगळा परिच्छेद. हे चार पानं लिहिली की हाताला बसतं, घाबरू नका.

घाबरायचं ते दुय्यम अवतरणाला, म्हणजे मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेल्या अवतरणाला. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख घ्या. फ्रेंच अभ्यासक सेनार यांनी केलेलं त्याचं वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’ या कोरीव लेखांच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात (१९०५–०६) आहे. विद्यार्थी तो खंड उघडत नाही, एखाद्या मराठी पुस्तकातून चार ओळी उतरवतो आणि सूचीत थेट सेनार यांचं नाव टाकतो. मग त्या पुस्तकात चुकलेला पृष्ठांक तुमच्या नावावर जमा होतो. मराठी भाषांतर त्या लेखकाचं असतं, पण खपतं सेनार यांच्या नावावर. मधल्या कोणत्या ओळी गाळल्यात हे तर तुम्हाला ठाऊकच नसतं, आणि मौखिकीत परीक्षक नेमकं तेच विचारतात. हे लपत नाही.

बरोबर रीत सोपी आहे. मजकुरात सेनार यांचं नाव व वर्ष द्या, त्यापुढे तुम्ही वाचलेल्या पुस्तकाचा लेखक, वर्ष, पृष्ठ आणि ‘येथे उद्धृत’ असं लिहा. सूचीत फक्त वाचलेलं पुस्तक. यात काहीही कमीपणा नाही. मात्र ज्या अवतरणावर तुमचा मुख्य युक्तिवाद उभा आहे, ते मुळातूनच पाहा. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्येच आहे, तिथे आधी चौकशी करा. ‘नाशिक गॅझेटिअर’ एवढंच लिहूनही भागत नाही. १८८३ चा मुंबई इलाख्याचा सोळावा खंड आणि नंतर राज्य शासनाने काढलेला गॅझेटिअर ही वेगळी पुस्तकं आहेत, त्यांचे पृष्ठांक जुळत नाहीत.

‘साम्याची टक्केवारी दहाच्या आत आली ना, मग झालं’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकावर विसंबू नका. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर दुय्यम अवतरण पकडत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत श्रेय देऊन घेतलेली अवतरणं साम्याच्या मोजणीतून वगळलेली आहेत, त्यामुळे टक्के कमी करायला अवतरणातले शब्द बदलणं हा निव्वळ गुन्हा आहे, तोही विनाकारण. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचा मजकूर असेल तर ‘नाहीं’, ‘केलें’ वरचे अनुस्वार तसेच ठेवा. गाळलेल्या जागी तीन टिंबं द्या आणि तुमचा शब्द घातलात तर चौकोनी कंसात.

आणखी एक. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदललेल्या फाइलीत अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं येतात. छापण्याआधी प्रत्येक अवतरणाची दोन्ही टोकं मूळ प्रतीशी ताडून पाहा, कारण बंद करायचं चिन्ह उडालं तर पुढची तुमची स्वतःची वाक्यंही दुसऱ्याची ठरतात.